जुन्या अ‍ॅक्शन फिगर्स : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

एखाद्या जुन्या अ‍ॅक्शन फिगरला लिलावात लाखो डॉलर मिळाल्याची बातमी आली, की दोन प्रकारची माणसं भेटतात. एकाला वाटतं, आपल्या माळ्यावरच्या पेटीतही असाच खजिना पडून आहे. दुसऱ्याला वाटतं, प्लास्टिकच्या बाहुल्यांवर पैसे उधळणाऱ्यांना वेड लागलंय. दोघंही किमतीपाशीच अडतात. या फिगर्सकडे आधी वस्तू म्हणून पाहायला हवं. ती कुठल्या साच्यातून निघाली, तिचे सांधे कसे जोडले, कुणी कुणाकडून परवाना घेतला, कुठला भाग मध्येच बदलला, हे पाहायची सवय लागली की फसवणूक टळतेच, शिवाय विसाव्या शतकातल्या कारखानदारीचा एक विलक्षण रंजक इतिहास समोर येतो. जी.आय. जो, स्टार वॉर्स, हीमॅन आणि ट्रान्सफॉर्मर्स या संग्राहकांच्या लाडक्या चार मालिका. त्यांच्याबद्दल सतत ऐकू येणाऱ्या काही समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज : जितकी जुनी, तितकी महाग.

वस्तुस्थिती : वयापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात. फिगर किती निघाल्या, त्यातल्या किती चांगल्या अवस्थेत उरल्या आणि आज किती जणांना त्या हव्या आहेत. ‘स्टार वॉर्स’ सिनेमा मे १९७७मध्ये आला. खेळण्यांचा परवाना अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होता, पण नाताळपर्यंत फिगर्स तयार होणं शक्य नव्हतं. मग केनरने दुकानांत चक्क एक पाकीट विकलं. आत पुठ्ठ्याचा स्टँड, स्टिकर आणि एक प्रमाणपत्र. ते पोस्टाने पाठवलं की १९७८मध्ये पहिल्या चार फिगर्स घरी येणार. त्याच वर्षी केनरची चार कोटींहून अधिक स्टार वॉर्स खेळणी खपली. त्यामुळे त्या काळातली सुटी, झिजलेली, हातातली बंदूक हरवलेली फिगर आजही सहज मिळते आणि फार महाग नसते.

याउलट जावा नावाच्या छोट्या पात्राचं पाहा. सुरुवातीला त्याला पातळ व्हिनाइलचा झगा होता. एवढ्याशा फिगरवर तो फारच स्वस्तातला दिसतो म्हणून केनरने थोड्याच दिवसांत कापडी झगा दिला. आतली फिगर तीच, काळही जवळपास तोच. तरी व्हिनाइल झग्याचा जावा दुर्मीळ आणि कापडी झग्याचा सर्वसामान्य. म्हणूनच दुसऱ्या पात्रांचे व्हिनाइल झगे कापून जावाला घालण्याची लबाडी वर्षानुवर्षं चालत आली आहे.

आणखी एक बाजू आहे. १९९५मध्ये स्टार वॉर्स फिगर्स नव्याने बाजारात आल्या, तेव्हा ‘पुढे सोनं होईल’ म्हणून लोकांनी त्या खोक्यांनी साठवल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे त्या आजही मुबलक आहेत आणि बहुतेकांना फारशी किंमत येत नाही. १९७८च्या फिगर्स मुलांनी वाळूत पुरल्या, आंघोळीत बुडवल्या, त्यांचे हात मोडले. धडधाकट राहिलेल्या फिगरचं मोल त्यातून वाढलं.

गैरसमज : ही खेळणी आधीच्या सिनेमा-कार्टूनवरून बनली.

वस्तुस्थिती : स्टार वॉर्सबाबत हे खरं आहे, बाकीच्यांबाबत नाही. हॅस्ब्रोचा जी.आय. जो १९६४मध्ये आला, तो बारा इंची सैनिक होता आणि तो कुठल्याही टीव्ही मालिकेच्या परवान्यावर बनलेला नव्हता. मॅटेलचा हीमॅन १९८२मध्ये दुकानांत आला. त्याची गोष्ट सांगायला पाकिटात एक छोटंसं कॉमिक असे. फिल्मेशनचं कार्टून आलं सप्टेंबर १९८३मध्ये, म्हणजे खेळण्याच्या नंतर. त्याच सुमारास अमेरिकेत मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांवरची बंधनं सैल झाली आणि आधी खेळणं, मग त्याच्यासाठी कार्टून ही रीतच पडली. आपल्याकडे हीमॅन दूरदर्शनवरूनच घराघरात पोचला, त्यामुळे आपल्या मनात हा क्रम उलटा बसला आहे.

हीमॅनबद्दलची दुसरी दंतकथाही इथेच निकालात काढू. मॅटेलने ‘कोनान’ सिनेमाची खेळणी बनवली, सिनेमा मुलांसाठी फार हिंसक निघाला, म्हणून केस सोनेरी करून त्याच फिगरला हीमॅन म्हणून विकलं, असं ठासून सांगितलं जातं. मॅटेलने १९८१मध्ये कोनानच्या हक्कदारांशी करार केला होता आणि पुढच्या वर्षी तो रद्द झाला, एवढं खरं आहे. पण रॉजर स्वीट या डिझायनरने हीमॅनचे तीन प्राथमिक नमुने १९८०च्या अखेरीसच कंपनीत मांडले होते. मॅटेलच्याच ‘बिग जिम’ या फिगरवर माती चढवून ते केले होते. कोनानच्या हक्कदारांनी दावा लावला, तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८९मध्ये कॉपीराइटचा भंग झाला नसल्याचा निकाल दिला. हीमॅनचा हिरवा वाघ ‘बॅटल कॅट’ मात्र खरोखरच उसना आहे. तो बिग जिम मालिकेतल्या वाघाच्या साच्यातून निघाला. खोगीर आणि रंग तेवढे नवे.

गैरसमज : ट्रान्सफॉर्मर्स अस्सल अमेरिकी.

वस्तुस्थिती : नावं आणि कथा अमेरिकी, साचे जपानी. आणि त्या जपानी खेळण्यांचं मूळ पुन्हा अमेरिकी जी.आय. जोमध्ये! जपानच्या ताकारा कंपनीकडे जी.आय. जोचा परवाना होता. त्या शरीररचनेवरून ताकाराने १९७२मध्ये पारदर्शक अंगाचा ‘हेनशिन सायबॉर्ग’ काढला. १९७४मध्ये तीच कल्पना जेमतेम दहा सेंटिमीटरवर आणून ‘मायक्रोमॅन’ काढला. अमेरिकेत मेगो कंपनीने १९७६पासून तो ‘मायक्रोनॉट्स’ नावाने विकला. पुढे १९८०मध्ये ताकाराची ‘डायक्लोन’ मालिका आली, १९८३मध्ये मायक्रोमॅनचीच ‘मायक्रो चेंज’ ही शाखा निघाली, आणि या दोन्हींतले रोबो एकत्र करून हॅस्ब्रोने १९८४मध्ये ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले. ऑप्टिमस प्राइम डायक्लोनमधला. मेगाट्रॉन, साउंडवेव्ह आणि बम्बलबी मायक्रो चेंजमधले. नावं-स्वभाव देण्याचं बरंचसं काम मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कींनी केलं.

याचा पुरावा हातात घेऊन पाहता येतो. पहिल्या वर्षांतल्या बऱ्याच ट्रान्सफॉर्मर मोटारींचे दरवाजे उघडतात आणि आत चालकाची सीट दिसते. स्वतःच सजीव असलेल्या रोबोला चालक कशाला हवा? कारण डायक्लोनमध्ये या गाड्या चालवणारे चिमुकले चालक सोबत मिळत. हॅस्ब्रोने चालक काढून टाकले, सीट साच्यात राहून गेली.

गैरसमज : स्टार वॉर्समधला रॉकेट उडवणारा बोबा फेट लहानपणी कुणाकडे तरी होता.

वस्तुस्थिती : तो कुणाही मुलाकडे नव्हता. १९७९मध्ये केनरने ही फिगर खरेदीच्या पुराव्यांच्या बदल्यात पोस्टाने देण्याची जाहिरात केली. पाठीवरच्या यंत्रातून लाल रॉकेट उडणार होतं. त्याच सुमारास मॅटेलच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ खेळण्यातलं क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला. केनरने धोका ओळखला आणि रॉकेट पक्कं चिकटवूनच फिगर्स पाठवल्या. उडणाऱ्या रॉकेटचे फक्त कारखान्यातले नमुने उरले. त्यातला हाताने रंगवलेला एक नमुना २०२४मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. ‘माझ्या मित्राकडे होता’ ही आठवण बहुधा त्या जाहिरातीची असते.

गैरसमज : चूक दिसली की नकली समजा.

वस्तुस्थिती : काही चुका हीच अस्सलपणाची खूण असते. बारा इंची जी.आय. जोच्या उजव्या अंगठ्याचं नख आतल्या बाजूला आहे. ही चूक तशीच ठेवली गेली, कारण कुणी नक्कल केली तर ती ओळखता यावी. गालावरचा व्रणही त्याच कामाचा. स्टार वॉर्समधला स्नॅगलटूथ हे आणखी बोलकं उदाहरण. केनरला या पात्राचा कृष्णधवल आणि अर्धाच फोटो मिळाला. त्यावरून त्यांनी उंच, निळ्या कपड्यांचा, चंदेरी बुटांचा स्नॅगलटूथ केला आणि तो १९७८मध्ये सीअर्स या दुकानसाखळीच्या खास संचात गेला. खरं पात्र बुटकं आणि लाल कपड्यांतलं होतं. कंपनीने पुढे दुरुस्ती केली, आणि चुकलेला निळा स्नॅगलटूथ संग्राहकांचा जीव की प्राण झाला.

गैरसमज : पाठीवर कोरलेलं साल म्हणजे बनल्याचं साल.

वस्तुस्थिती : ते कॉपीराइटचं साल असतं. जी.आय. जोची पावणेचार इंची मालिका १९८२मध्ये सुरू झाली, तेव्हा फिगरचे हात फक्त खांद्यात आणि कोपरात हलत. पुढच्या वर्षी दंड गोल फिरवायची सोय आली आणि आधीच्याच फिगर्स नव्या हातांनी पुन्हा निघाल्या. पाठीवर साल १९८२च राहिलं. म्हणून जाणकार माणूस आकड्याआधी हाताचा सांधा पाहतो.

गैरसमज : भारतात बनलेल्या म्हणजे डुप्लिकेट.

वस्तुस्थिती : आपल्या वाचकांच्या घरी नेमकं हेच सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून इथे जरा थांबू. फनस्कूल ही कंपनी १९८७मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून उभी राहिली आणि तिचा कारखाना गोव्यात होता. तिच्या जी.आय. जो फिगर्स रीतसर परवान्याच्या आहेत. हॅस्ब्रो आपले साचे देशोदेशी फिरवत असे. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला, अर्जेंटिनात प्लास्टिरामा, भारतात फनस्कूल. अमेरिकेत एखादी फिगर बंद झाल्यावरही तिचा साचा इकडे वर्षानुवर्षं माल काढत राहिला. त्यामुळे पाठीवर ऐंशीच्या दशकातलं साल असलेली आपली फिगर प्रत्यक्षात नव्वदच्या दशकातली असू शकते.

इथल्या फिगर्सचे रंग अमेरिकी फिगर्सपेक्षा वेगळे निघाले. कधी एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवून नवंच पात्र झालं. या वेगळेपणासाठीच परदेशातले संग्राहक फनस्कूलच्या फिगर्स आवर्जून शोधतात. हीमॅनच्या बाबतीतही मॅटेलच्या परवान्याने ‘लिओ’ या नावाखाली भारतात फिगर्स बनल्या, आणि त्याही जगभर ओळखल्या जातात. डुप्लिकेट मालही आपल्या बाजारात होताच. पण रंग वेगळा म्हणून फिगर भंगारात घालणं म्हणजे आपल्याच कारखान्यातल्या कामगारांच्या हातचं काम फेकून देणं आहे.

गैरसमज : सीलबंद पाकिटात फिगर कायम सुरक्षित.

वस्तुस्थिती : प्लास्टिक आतूनच बदलत असतं. मऊ पीव्हीसीमध्ये मिसळलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि फिगर चिकट होते. बंद जागेत ते तिथेच साचून राहतं. पांढरं प्लास्टिक प्रकाशाने पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळतं, पण पिवळेपणा परत येऊ शकतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीच्या काही ट्रान्सफॉर्मर्समधलं सोनेरी झाक असलेलं प्लास्टिक तर न हाताळताही ठिसूळ होऊन तुटतं. पावणेचार इंची जी.आय. जोच्या कमरेतली रबरी रिंग सुकून तुटते आणि फिगरचे दोन तुकडे होतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. रिंग स्वस्तात मिळते आणि स्क्रू काढून घरी बदलता येते. अंगठा मोडला तर मात्र इलाज नाही.

मुंबई-कोकणच्या हवेत आणखी दोन काळज्या घ्याव्या लागतात. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कार्डाला बुरशी येते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. आणि पेटीत डांबरगोळ्या मुळीच ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं.

गैरसमज : पाण्यात तरंगलं तर अस्सल.

वस्तुस्थिती : स्टार वॉर्स फिगर्सच्या इवल्याशा बंदुकांसाठी ही परीक्षा सांगितली जाते. अस्सल हलक्या, नकली जड, असं त्यामागचं गणित. पण आता तरंगणाऱ्या नकला निघाल्या आहेत, तेव्हा एवढ्या पुराव्यावर पैसे मोजू नयेत. साच्याच्या कडा, अक्षरांचा रेखीवपणा, प्लास्टिकचा पोत आणि रंग हे खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवून पाहणं हाच भरवशाचा मार्ग.

पेटी उघडल्यावर

फिगर रंगवू नका. उडालेला मूळ रंग नव्या रंगापेक्षा मोलाचा असतो. पेटीच्या तळाशी पडलेले बारीक तुकडे फेकण्याआधी नीट पाहा. बंदूक, शिरस्त्राण, पाठीवरची पिशवी यांनीच फिगर पूर्ण होते. कार्ड किंवा डब्याचा तुकडा असेल तर तो जपा, कारण कोण बनवणारा आणि कुठला माल हे त्यावर छापलेलं असतं.

आणि एक काम आजच करण्याजोगं आहे. ही फिगर कुठल्या गावातल्या कुठल्या दुकानातून, साधारण कुठल्या वर्षी, कितीला आणली, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. फिगर विकायची असो वा नसो. अमेरिकेत केनर आणि हॅस्ब्रोच्या माजी डिझायनरांच्या मुलाखती, जुने कॅटलॉग, कारखान्यातले नमुने संग्राहकांनी चिकाटीने जमवले. वर सांगितलेले कित्येक गैरसमज त्या कष्टांमुळेच दूर झाले. गोव्याच्या कारखान्यात काम केलेली माणसं आणि ती खेळणी विकणारे दुकानदार आज आपल्यात आहेत. आपल्याकडच्या फिगर्सची खरी हकीकत त्यांच्याकडून आत्ताच टिपून घेतली नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती फक्त ऐकीव गोष्टी उरतील.