श्वासावाटे शिरणारें व्यसन

व्यसन म्हटलें कीं सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें दारूचा गुत्ता, पानतंबाखूचें दुकान किंवा फार तर गांजाची चिलीम उभी राहते. हीं सारीं व्यसनें घराबाहेरचीं. त्यांना दाम मोजावे लागतात, त्यांची संगत निराळी असते, आणि तीं जडलेला मनुष्य आज ना उद्यां ओळखूं येतो. परंतु एक व्यसन असें आहे कीं, ज्याचें साहित्य मुलाच्या दप्तरांत, आईच्या प्रसाधनाच्या पेटींत, पंक्चरवाल्याच्या डब्यांत आणि रंगाऱ्याच्या बादलीशेजारीं उघडें पडलेलें असतें. व्हाइटनर, नखांवरील रंग पुसण्याचें द्रव्य, थिनर, चिकटविण्याचें सोल्युशन, सुगंधी फवारे, या वस्तु घेतांना कोणी लाजत नाहीं व विकणाराहि चौकशी करीत नाहीं. त्यांची वाफ हुंगून नशा करण्याची संवय किशोरवयीन मुलांत आढळते, ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक आहे. आईबापांना मात्र ती बहुधा सर्वांच्या शेवटीं कळते. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो हाच प्रकार.

ठाण्याच्या कापूरबावडी नाक्यापासून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशीं जुनीं गांवठाणें मागें टाकीत गायमुखाकडे जाणारा घोडबंदर रस्ता या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. एका बाजूस येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि मध्यें आकाशास भिडणाऱ्या इमारतींची रांग. अशी इमारत पुरी होईपर्यंत रंग, थिनर, पॉलिश आणि चिकटद्रव्य यांचे डबे रिते होत असतात, आणि बांधकामाच्या आडोशाला मजुरांचीं मुलें वाढत असतात. शेजारच्या पुऱ्या झालेल्या इमारतींत दुसरें मूल असतें. त्याचे आईबाप दोघेहि नोकरीला गेलेले, घराची किल्ली त्याच्या खिशांत, आणि दुपार लांबलचक. या दोन मुलांची गांठ कधीं पडत नाहीं. पण एकच वाफ दोघांच्याहि जवळ असते. पहिलें मूल तिच्याकडे वळलें तर भूक, थंडी आणि भय विसरण्यासाठीं वळतें. दुसरें कुतूहलानें, एकटेपणानें किंवा मित्राच्या पैजेनें.

हीं द्रव्यें इतकीं झटपट कां चढतात, हें समजून घेतलें पाहिजे. टोल्युइन, हेक्झेन, ॲसिटोन वगैरे द्रावकें साध्या हवेंत चटकन उडून जातात. दारू पोटांत जाते, तेथून हळूहळू रक्तांत उतरते. वाफेला इतका फेरा पडत नाहीं. ती फुफ्फुसांतून सरळ रक्तांत आणि कांहीं सेकंदांत मेंदूंत पोंचते. हीं द्रावकें चरबींत सहज विरघळतात, आणि मेंदूंत स्निग्ध पदार्थांचा अंश मोठा असतो. म्हणून तेथें तीं लागलींच मुरतात. जीभ अडखळते, तोल जातो, उगाच हसूं येतें, कधीं भास होतात. हा अंमल थोड्या मिनिटांत ओसरतो, आणि ओसरतो म्हणूनच मूल पुन्हा पुन्हा त्याच्या मागें लागतें.

वाफेचा हा गुण मानवजातीला नवा नाहीं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन येथें रोग्यास ईथर हुंगवून जाहीरपणें शस्त्रक्रिया करण्यांत आली, आणि तेव्हांपासून शस्त्रवैद्याच्या सुरीची वेदना हरपली. परंतु भूल देणारा डॉक्टर मात्रा मोजतो, नाडी पाहतो, प्राणवायु जवळ ठेवतो. तेंच काम अजाण मूल आडोशाला बसून करूं लागलें म्हणजे वरदानाचा शाप व्हावयास उशीर लागत नाहीं.

हा शाप दोन वाटांनीं येतो. एक वाट संथ आहे. विजेच्या तारेवर जसें रबराचें वेष्टण असतें, तसें मेंदूंतील तंतूंवर स्निग्ध वेष्टण असतें. दीर्घकाळ टोल्युइन हुंगल्यानें हें वेष्टण नासतें. स्मरण आणि अवधान मंदावतात, हात कांपतो, चाल बिघडते. मूत्रपिंडावर परिणाम होऊन शरीरांतील पोटॅशियम घटतें व हातापायांतलें बळ जातें. कांहीं चिकटद्रव्यांत हेक्झेन असतें. त्यानें हातापायांच्या मज्जातंतूंचा नाश होऊन प्रथम बधिरपणा व मग दुबळेपणा येतो. संवय लौकर सुटली तर यांतलें पुष्कळसें भरून निघतें. उशीर झाला तर कांहीं हानि जन्माची राहते.

दुसरी वाट एका क्षणाची आहे, आणि तीच घरच्या माणसांनीं मुख्यतः ध्यानांत ठेवावयाची आहे. १९७० सालीं मिलार्ड बास या अमेरिकन डॉक्टरानें वाफ हुंगून एकाएकीं मेलेल्या ११० तरुणांची हकीकत प्रसिद्ध केली. यांत गुदमरून मेलेले नव्हते. त्यांचें हृदयच अकस्मात् थांबलें होतें. कारण असें कीं, या वाफांमुळें हृदय ॲड्रिनॅलीन या द्रव्यास विलक्षण संवेदनशील होतें. मनुष्य भ्याला, धांवला किंवा झटापटींत सांपडला म्हणजे हें द्रव्य रक्तांत उसळतें, हृदयाची लय तुटते आणि मृत्यु ओढवतो. असा मृत्यु पहिल्याच वेळीं हुंगणाऱ्यालाहि येऊं शकतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो, आणि तो आपल्या स्वभावाच्या अगदीं उलट आहे. मूल हुंगतांना सांपडलें कीं बाप ओरडतो, थोबाडींत देतो, मूल पळतें आणि बाप पाठीमागें धांवतो. रागाची ती घटकाच मुलाच्या हृदयाला सर्वांत धोक्याची असते. म्हणून त्या वेळीं आवाज चढवूं नये, पाठलाग करूं नये, झोंबाझोंबी करूं नये. खिडक्या उघडाव्या, वस्तु हलकेच दूर करावी, मुलाला स्वस्थ बसवावें आणि शांत शब्दांत बोलत राहावें. ही द्रावकें पेट घेणारीं असल्यामुळें जवळ काडी ओढूं नये. मूल बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर निजवावें व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास बंद पडला असेल तर छाती दाबून हृदय चालविण्याचा उपचार तत्काळ सुरू करावा. रागावण्याला दुसरा दिवस मोकळा आहे.

हा उपद्रव चारदोन मुलांपुरता आहे असेंहि नाहीं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेल्या पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत १० ते १७ वर्षांच्या मुलांत हुंगण्याचें प्रमाण शेंकडा १.१७, तर प्रौढांत ०.५८ आढळलें. मोठ्यांपेक्षां लहानांत अधिक आढळलेलें असें हें एकच व्यसन होय. उपचाराची गरज असलेल्या मुलांची संख्या देशांत ४ लाख ६० हजार धरण्यांत आली, आणि अशा मुलांची संख्या मोठी असलेल्या प्रांतांत महाराष्ट्राचें नांव आहे.

कायदा येथें थोडाच उपयोगी पडतो. १९८५ च्या अंमली द्रव्यांच्या कायद्याच्या यादींत हीं द्रावकें नाहींत, कारण तीं रंगाऱ्याच्या, चांभाराच्या आणि सुताराच्या रोजच्या कामाचीं आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें मुलास मद्य, तंबाखू किंवा अंमली द्रव्य देणारास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पण त्या कलमांत या वाफांचा नामनिर्देश नाहीं. जुलै २०१२ मध्यें केंद्र सरकारनें बाटलींतील व्हाइटनर व त्याचें थिनर यांच्या किरकोळ विक्रीस मनाई केली आणि थोडीच वाफ सुटेल अशा लेखणीच्या रूपांत तें विकण्यास मोकळीक ठेविली. वस्तूचें रूपच बदलावयाचें, ही युक्ति शहाणपणाची आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं पेट्रोल हुंगण्याची साथ होती. तेथें २००५ पासून नशा न देणारें पेट्रोल पुरविण्यांत येऊं लागलें व संवय पुष्कळ ओसरली. परंतु घोडबंदर रस्त्यावरील प्रत्येक डब्याचें रूप सरकारला बदलतां येणार नाहीं. थिनरचा डबा काम संपतांच बंद करून कुलुपांत ठेवणें हें कंत्राटदाराचें काम आहे. दुकानदारानें लहान मुलाला सोल्युशनच्या ट्यूबा देण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारणें हेंहि अवघड नाहीं.

घरांत आणि शाळेंत दृष्टि हवी. कपड्यांना वा श्वासाला रसायनाचा वास, ओठांभोंवतीं व नाकाशीं पुरळ, लाल डोळे, मंदावलेली भूक, बिघडलेलें अक्षर, खोलींत सांपडलेल्या चिंध्या व रित्या बाटल्या, यांपैकीं एकच खूण दिसल्यास संशय घेऊं नये. तीनचार एकदम दिसल्यास डोळेझांक करूं नये. मुलांना धोका सांगावा, कृति वर्णून सांगूं नये. अमेरिकेंत १९५९ नंतर वृत्तपत्रांनीं डिंक हुंगण्याचीं रसभरित वर्णनें छापलीं व त्यामुळेंच ती खोड गांवोगांव पसरली, असें एडवर्ड ब्रेकर यांनीं १९७२ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे.

या व्यसनावर उतारा म्हणून एखादें औषध नाहीं. नियमित झोंप, पोटभर अन्न, शाळेशीं पुन्हा जडलेलें नातें, आणि समुपदेशकाशीं वारंवार होणारें बोलणें, हेच उपचार. आणि वेळेवर झाले तर ते गुण देतात. प्लॅटफॉर्मवर राहणाऱ्या मुलाच्या बाबतींत हे उपाय घरापासून आरंभावे लागतात. ठाण्याची समतोल ही संस्था रेल्वेस्थानकांवर भटकणाऱ्या मुलांना आपल्या माणसांकडे परत पोंचविण्याचें काम करते, त्याचें महत्त्व येथें कळून येतें. अशा मुलासाठीं १०९८ हा क्रमांक आहे; व्यसनाविषयीं सल्ल्यासाठीं १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीं १४४१६.

सुखवस्तु घरांत अडचण वेगळीच असते. ‘याला आतां ठाण्याला पाठवा’ असें म्हणून महाराष्ट्रांतल्या कित्येक पिढ्या हंसल्या आहेत, आणि त्या हंसण्याचें ओझें ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या दारावर आजहि आहे. मुलाला मानसोपचार तज्ज्ञाकडे नेलें तर लोक काय म्हणतील, या विचारांत जे महिने जातात, त्याच महिन्यांत मेंदूची भरून येण्याजोगी हानि न भरणारी होते. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातांना शेजाऱ्याला विचारीत नाहीं. येथेंहि विचारण्याचें कारण नाहीं.