रस्ता सोडून गेला, पेठ राहिली

पेठेचे नशीब रस्त्याशी बांधलेले असते. घाट चढून थकलेला तांडा जेथे उतरतो तेथे धर्मशाळा होते, धर्मशाळेजवळ दुकान थाटले जाते, दुकानाजवळ देऊळ उभे राहते आणि दोन-तीन पिढ्यांत त्या जागेचे गाव होते. पुढे केव्हातरी डोंगर पोखरून नवा मार्ग निघतो, वाहने बाहेरच्या बाहेर निघून जातात आणि एकेकाळी गजबजलेल्या त्या पेठेत दुकानदार दुपारच्या वेळी माश्या मारीत बसतो. हे जगात सर्वत्र घडत आले आहे. ग्रीस देशाच्या वायव्य भागात, पिंडस पर्वताच्या कुशीत मेत्सोवो नावाची जी जुनी पेठ आहे तिच्यावरही ही पाळी आली. एकदा नव्हे, अनेकदा आली. तरीही ती पेठ ओस पडली नाही. ती का पडली नाही, हे कोकण-गोव्यातील वाचकांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

ग्रीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निळा समुद्र, पांढरीशुभ्र घरे आणि अथेन्सचे भग्न संगमरवरी स्तंभ उभे राहतात. मेत्सोवोत यांपैकी काहीच नाही. एपिरस प्रांतातील योआन्निना शहर मागे टाकून पूर्वेकडे डोंगरात शिरले की सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर हे गाव लागते. घरे दगडी, छपरे करड्या पातळ शिळांची, सज्जे लाकडी. आणि सारी वस्ती नाट्यगृहातील आसनांप्रमाणे उतारावर एकाखाली एक रचलेली. दरीच्या पलीकडे समोरच आनिलिओ नावाचे दुसरे गाव आहे. त्या नावाचा अर्थच 'ज्याला ऊन मिळत नाही ते'. उन्हाची बाजू मेत्सोवोने घेतली आणि सावलीची शेजाऱ्याच्या वाट्याला आली! मेत्सोवोच्या चौकात संत पारास्केवीचे चर्च आहे. २६ जुलै हा तिचा उत्सवाचा दिवस. चौकाभोवतीच्या दुकानांत धुरावलेल्या चीजचे लांबट गोळे टांगलेले असतात, लोकरी विणकाम आणि लाकडी भांडी मांडलेली असतात. वस्ती म्हणाल तर जेमतेम अडीच हजारांची. आपल्याकडील एखाद्या मोठ्या वाड्याएवढी.

परंतु या अडीच हजारांच्या गावाला मोठा इतिहास आहे आणि तो त्याच्या वरच्या खिंडीतून आला आहे. गावाच्या माथ्यावरील कातारा ही खिंड सुमारे सतराशे मीटर उंचीवर आहे. कातारा या शब्दाचा अर्थ 'शाप'. हिवाळ्यात तेथे साचणारे बर्फ ज्याने पाहिले असेल त्याला या नावाचे नवल वाटणार नाही. एपिरसचा डोंगराळ मुलूख आणि थेसलीचे सुपीक मैदान यांना जोडणारी मुख्य वाट या परिसरातूनच जात असे. तुर्की अमदानीत वाट राखण्याचे काम मेत्सोवोच्या लोकांकडे होते आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना करांत सूट व आपला कारभार आपण पाहण्याची मोकळीक मिळाली. १६५९ साली ही सनद पक्की झाली. याविषयी एक आख्यायिका सांगतात. सुलतानाच्या मर्जीतून उतरलेल्या एका वजिराला फ्लोकास नावाच्या धनगर-प्रमुखाने आपल्या घरी आसरा दिला. पुढे वजिराचे दिवस पालटले आणि त्याने उपकारकर्त्याला 'काय हवे ते माग' म्हटले. धनगराने स्वतःसाठी काही न मागता गावासाठी सवलती मागून घेतल्या. गावातून जाणाऱ्या तुर्की स्वाराने वेशीवर घोड्याचे नाल काढावेत, म्हणजे मेत्सोवोची मातीसुद्धा बाहेर जाणार नाही, असाही एक करार होता म्हणे. आख्यायिकेत खरे किती हा प्रश्न वेगळा; गाव आपली कोणती गोष्ट अभिमानाने सांगते, यावरून त्या गावाची पारख होते.

येथील लोक व्लाख समाजाचे. त्यांची बोली लॅटिनमधून निघालेली, रुमानियनच्या नात्यातली. घरात आणि मेंढरांमागे ही बोली. शाळेत, चर्चमध्ये आणि व्यापाराच्या चोपड्यांत मात्र ग्रीक. बोलण्याची भाषा एक आणि लिहिण्याची दुसरी, ही अवस्था गोमंतकीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात थेसलीच्या मैदानात कळप न्यावयाचे, हा त्यांचा शतकानुशतकांचा क्रम. एप्रिलमधील संत जॉर्जच्या सणाला कळप वर निघत आणि ऑक्टोबरमधील संत देमेत्रिओसच्या सणाला खाली उतरत. कळपांबरोबर खेचरांचे तांडे आले, तांड्यांबरोबर लोकर, कातडी आणि चीज यांचा व्यापार आला, आणि व्यापाराबरोबर मेत्सोवोची मुले दूरदूरच्या शहरांत पोचली.

या देशांतरात गेलेल्या मुलांनी काय केले, हा या कथेचा गाभा होय. योर्गोस आवेरोफ १८१५ साली मेत्सोवोत जन्मला, इजिप्तमध्ये व्यापारात अमाप धन मिळवून १८९९ साली अलेक्झांड्रियात वारला. १८९६ साली अथेन्समध्ये आधुनिक ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हा प्राचीन क्रीडांगण पुन्हा संगमरवरात उभारण्याचा खर्च याने दिला. त्याच्या मृत्युपत्रातील रकमेचा मोठा वाटा घालून घेतलेली, त्याचेच नाव धारण करणारी युद्धनौका १९११ साली ग्रीसला पोचली आणि आज ती अथेन्सजवळच्या समुद्रात संग्रहालय म्हणून उभी आहे. मिखाइल तोसित्सा हाही मेत्सोवोचाच; मेहमत अलीच्या काळात तो इजिप्तमध्ये ग्रीसचा वकील होता. तो व त्याची पत्नी एलेनी, त्यांचाच आप्त निकोलाओस स्तुर्नारास आणि आवेरोफ यांच्या देणग्यांतून अथेन्सचे तंत्रविद्यापीठ उभे राहिले. ग्रीसच्या या सर्वांत प्रतिष्ठित तंत्रविद्यालयाच्या अधिकृत नावात आजही 'मेत्सोवो' हा शब्द आहे. राजधानीच्या विद्यापीठाला डोंगरातल्या एका पेठेचे नाव असावे, असे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

मात्र दूरच्या राजधानीत दाने पडत असताना खुद्द गावाचे दिवस फिरले होते. सनदेतील सवलती अठराव्या शतकाच्या अखेरीस अली पाशाच्या काळात लयाला गेल्या. १८५४ च्या उठावात गाव लुटले गेले. १८८१ साली थेसली ग्रीसला मिळाली आणि मेत्सोवो तुर्कांकडे राहिले. म्हणजे उन्हाळ्याचे कुरण एका राज्यात आणि हिवाळ्याचे दुसऱ्या राज्यात! पत्रादेवी आणि पोळे येथील पोर्तुगीज अमदानीतले नाके ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले, त्यांना सरहद्द आड आली म्हणजे व्यापाराचे काय होते हे ठाऊक आहे. १९१२ साली मेत्सोवो ग्रीसमध्ये आले. १९४० साली इटलीच्या सैन्याने ही खिंड हस्तगत करण्यासाठी आपली डोंगरी पलटण पिंडसमध्ये घुसविली आणि ग्रीकांनी ती परतवून लावली. त्यानंतर जर्मनांचा अंमल आणि त्यामागून यादवी युद्ध. एवढे सोसल्यावर डोंगरातली गावेच्या गावे रिकामी झाली. माणसे अथेन्सला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला गेली.

मेत्सोवोही असेच गेले असते. परंतु याच गावच्या घराण्यातील इव्हान्गेलोस आवेरोफ या राजकारणी पुरुषाने, जो पुढे ग्रीसचा परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री झाला, स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या तोसित्सा घराण्यातील शेवटच्या धनिकाचे मन वळविले, आणि १९४७ साली त्याच्या संपत्तीतून एक विश्वस्त निधी स्थापन झाला. येथपर्यंत ही हकीकत इतर दानशूरांसारखीच आहे. वेगळेपण आहे ते निधीच्या विनियोगात. विश्वस्तांनी तोसित्सांचा पडका वाडा दुरुस्त करून तेथे लोककलेचे संग्रहालय मांडले, हे खरे. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गावात दूध होते, मेंढरे होती, चीज करण्याची जुनी ओळख होती. म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी दुग्धशाळा काढली आणि गावातील तरुणांना चीज करण्याची विद्या शिकण्यासाठी इटलीला पाठविले. ते शिकून परत आले आणि त्यांनी इटालियन पद्धत व डोंगरी दूध यांच्या मिलाफातून धुरावलेले 'मेत्सोवोने' चीज तयार केले. १९९६ साली युरोपीय संघाने त्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. आज ते नाव दुसऱ्या मुलखातील कोणीही लावू शकत नाही. त्याच सुमारास उतारांवर फ्रान्समधून आणलेल्या द्राक्षवेली लावण्यात आल्या आणि मद्यनिर्मिती पुन्हा सुरू झाली. १९८८ साली ग्रीक चित्रकलेचे एक उत्तम दालन उघडले. अडीच हजारांच्या गावात!

येथे जे मर्म आहे ते आम्ही स्पष्ट करू इच्छितो. दान दोन प्रकारचे असते. एक दान इमारत देते, दुसरे कसब देते. इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते म्हणून पहिले अधिक होते. दुसऱ्याने गावातील माणसाच्या हाताला काम मिळते, दुधाला भाव मिळतो आणि मुलाला घर सोडण्याचे कारण उरत नाही. मेत्सोवोत दोन्ही झाले, आणि पाहुणे आले ते त्यानंतर. आधी चीज झाले, मग ते खाण्यासाठी प्रवासी आला. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो: आधी हॉटेल उभे राहते आणि पाहुण्यापुढे मांडावयाच्या वस्तू बाहेरून मागवाव्या लागतात.

म्हणूनच २००९ साली जे घडले त्याने मेत्सोवो मोडले नाही. इगुमेनित्सा बंदरापासून तुर्कस्थानच्या सरहद्दीपर्यंत जाणारा सुमारे ६७० किलोमीटरचा एग्नातिया महामार्ग त्या वर्षी पूर्ण झाला. बोगद्यांमागून बोगदे काढीत तो मेत्सोवोजवळून निघून जातो. ज्या शापित खिंडीने गाव जन्माला घातले तिच्यावरून आता क्वचितच कोणी जाते. पूर्वी प्रवासी मेत्सोवोत थांबे, कारण थांबल्यावाचून गत्यंतर नव्हते. आता तो थांबतो, कारण त्याला थांबावेसे वाटते. हा फरक लहान नव्हे.

सर्व काही गोड आहे असे मात्र नव्हे. जे गाव एका निधीच्या आणि एका घराण्याच्या आधारावर उभे राहते, त्याला आपल्या पायांवर चालण्याची सवय किती राहते, हा प्रश्न रास्त आहे. सणासुदीला प्रवाशांची झुंबड उडते तेव्हा चौकातील दुकानांत खऱ्या लाकडी कामाशेजारी यंत्रावर केलेला मालही दिसतो. आणि ज्या बोलीत धनगरांनी शतकानुशतके मेंढरे हाकली ती बोली नव्या पिढीच्या तोंडून झपाट्याने नाहीशी होत आहे. वाडा दुरुस्त करता येतो, चीज पुन्हा करता येते. बोलीसाठी दुग्धशाळा काढता येत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. सावंतवाडीची पेठ आमच्या वाचकांस परकी नाही. महामार्ग आता झारापहून पत्रादेवीकडे परस्पर जातो आणि मोती तलावाकाठचे ते गाव बाजूला राहते. तिथली लाकडी खेळणी आणि राजघराण्याने जिद्दीने जगविलेली गंजिफा हीच त्या पेठेची 'दुग्धशाळा' होय; ती जगली तर सावंतवाडी जगेल, नुसत्या पाट्या लावून आणि रोषणाई करून जगणार नाही. गोव्याविषयी तर आणखी बोलावे लागेल. आपली माणसेही मुंबईला, आफ्रिकेला, आखाताला गेली. त्यांनी दिले नाही असे कोण म्हणेल? घरोघरच्या मूठभर तांदळावर पणजीत मराठी शाळा चालविणारे मुष्टिफंड आपलेच आणि १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली गोवा हिंदू असोसिएशनही आपलीच. देवळांच्या जीर्णोद्धारासाठी परगावच्या महाजनांचा हात आजही आखडत नाही. पण त्याच गावांत कुलुपे लागलेली घरे वाढत आहेत, आणि कुंभार, विणकर, सुतार यांच्या मुलांना आपला धंदा पुढे चालवावासा वाटत नाही.

देवळाच्या सोन्याच्या कळसाला जे देतात त्यांनी त्यातला दहावा हिस्सा गावातील एका कारागिराच्या मुलाला शिकविण्यासाठी बाजूला काढला, तर देवाचा कोप होणार नाही. मेत्सोवोच्या लोकांनी राजधानीला क्रीडांगण दिले, विद्यापीठ दिले, युद्धनौकेसाठी धन दिले. आणि तरीही त्यांचे गाव वाचले ते काही मुलांना दुधाचे चीज करण्यास शिकविल्यामुळे. सरकारे रस्ते काढतात आणि रस्ते बदलतात. पेठ कोठे राहावी हे मात्र तिच्याच माणसांना ठरवावे लागते.