पाकिटं मोजलीस का?

२०१७ सालची गोष्ट. दिवाळीला बारा दिवस राहिले होते आणि आमच्या मागच्या पडवीत दोनशे किलो कांदा-लसूण मसाला डब्यांत भरून तयार होता. पुण्याच्या एका दुकानदाराची ऑर्डर होती, आमच्या बचत गटाची पहिलीच मोठी. अकरा जणींनी आठवडाभर देठं खुडली, कांदा वाळवला, खोबरं भाजलं. सगळं घर खोकत होतं! वास तर असा सुटला होता की गल्लीत शिरलेला माणूस विचारायचा, ‘वहिनी, मसाला का?’

मसाला होता, नव्हती ती पाकिटं.

छापील पाकिटं मागवायचं काम माझ्याकडे होतं. मिरची, धणे, तीळ, खोबरं सगळं मी वेळेवर आणलं. पाकिटं काय, फोन केला की येतील, असं धरून चालले. छापणारा म्हणाला, ‘ताई, दिवाळी आहे, तीन आठवडे लागतील.’ माल नऊ दिवस उशिरा पोचला. दुकानदाराने निम्मा परत पाठवला. त्याचंही काय चुकलं? दिवाळीचं गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

त्या दिवाळीला आमच्यातल्या कोणालाच मजुरी मिळाली नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई गटातच आहेत. त्या पैशांतून मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता भरायचा त्यांनी ठरवलं होतं. शेवटी त्यांनी कानातलं गहाण ठेवलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मोठ्या कंपन्यांत या सगळ्याला ‘सप्लाय चेन’ म्हणतात, हे मला नंतर भाच्याने सांगितलं. तो एम.बी.ए. करत होता. कच्चा माल कुठून येतो, किती दिवसांत येतो, कुठे ठेवायचा, तयार माल कसा पोचवायचा आणि पैसे कधी हातात येतात, या सगळ्याची साखळी. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्या सासूबाई करायच्या! उन्हाळ्यात वर्षाचं तिखट, पावसाळ्याआधी सरपण, गौरी-गणपतीआधी गूळ. फक्त त्यांना पुण्याला पाकिटं पाठवायची नव्हती.

भाच्याने एक वही घालून दिली. प्रत्येक वस्तूपुढे तीन आकडे: आठवड्याला किती लागते, मागवल्यापासून यायला किती दिवस लागतात आणि घरात किती उरली की मागवायची. आमची आठवड्याला साठ पाकिटं जातात. यायला तीन आठवडे, वर एक आठवडा हाताशी. म्हणजे दोनशे चाळीस पाकिटं उरली की फोन करायचा, संपायची वाट बघायची नाही. सणाच्या तोंडावर हाच आकडा वाढवायचा. इतकं सोपं, पण वहीत लिहिलं नव्हतं तोवर सुचलं नाही.

मिरचीचं गणित मात्र वहीत बसत नाही. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी गुंटूर. ब्याडगी येते कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातून. नवी मिरची बाजारात आली की वर्षाची घ्यावी, असं सगळे सांगतात. पण मग सगळं भांडवल पोत्यांत अडकतं आणि पावसाळ्यात दमटपणा लागला की बुरशी. एका वर्षी दोन पोती फेकावी लागली, तेव्हा जीव तुटला. आता आम्ही निम्मी मिरची उन्हाळ्यात घेतो, कडक वाळवून अंधाऱ्या कोरड्या खोलीत फळ्यांवर रचतो. उरलेली व्यापाऱ्याकडून शीतगृहातली, दसऱ्याच्या सुमाराला. भाव थोडा जास्त पडतो. माझ्या मते तो जास्तीचा पैसा देण्यात शहाणपण आहे, पण गटातल्या दोघींना आजही ते पटत नाही, आणि दर वर्षी वाद होतो!

आधी आलेलं पोतं आधी फोडायचं, हाही एक नियम. पोत्यावर खडूने तारीख घालतो. पूर्वी नवं पोतं पुढे रचलं जायचं आणि जुनं मागे पडून रंग सोडायचं.

मला या बाबतीत लिज्जतचं फार कौतुक वाटतं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आपण त्यांच्या जिद्दीचं बोलतो, पण मला त्यांची व्यवस्था जास्त मोठी वाटते. उडीद, हिंग यांची खरेदी एकत्र, म्हणून सगळ्या शाखांची चव सारखी. शाखेत पीठ मळायचं, बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचं, वाळलेले पापड परत आणले की तपासणी, वजन आणि मजुरी. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्ही गटात पेढे वाटले. आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही, तरी!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा वही उपयोगी पडली. मिरची घरात होती. अडकलं ते खोबरं; नेहमीच्या व्यापाऱ्याची गाडीच निघेना. पण पाकिटांच्या फजितीनंतर प्रत्येक मालासाठी दोन नावं लिहून ठेवायची सवय लागली होती. दुसरा व्यापारी तालुक्याचाच. किलोला दहा रुपये जास्त घेतले, माल मात्र दिला. पुण्याची दुकानं बंद होती, म्हणून गावातच घरोघरी पाव किलोची पाकिटं दिली. त्या महिन्यात सगळ्यांना मजुरी मिळाली, थोडी कमी, पण मिळाली.

उधारीचं अजून जमलेलं नाही. आम्ही मिरचीवाल्याला रोख देतो आणि दुकानदार आम्हाला दीड-दोन महिन्यांनी. मधले दिवस कसे काढायचे, याचा रकाना त्या वहीत नाही. आता नव्या दुकानदाराकडून निम्मे पैसे आधी मागतो. काही देतात, काही पुन्हा फोन करत नाहीत.

जाऊबाईंची लेक आता सांगलीला दवाखान्यात नोकरीला आहे. आणि नवी ऑर्डर आली की, मी ‘किती किलो?’ विचारायच्या आत जाऊबाई आतून ओरडतात, ‘आधी पाकिटं मोजलीस का?’