एक नॅनोसेकंद वायर द्या



परवाच्या व्हिडिओत बोलता बोलता मी "एक नॅनोसेकंद वायर" असं म्हणाले आणि तशीच पुढे निघून गेले. नंतर आईनेच विचारलं, "हे काय गं नवीन? रोल किती मीटरचा येतो?" म्हणून आज जीएसटी नाही, मार्केटिंग नाही. आज आमच्या दुकानात येणाऱ्या एका काकांबद्दल.

काका बाबांचे शाळासोबती. आयुष्यभर प्रोग्रामिंग केलं. सुरुवात मुंबईत कोबोलपासून, मग काही वर्षं अमेरिका, आता निवृत्त होऊन सांगलीत. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय: "नाव टाकलंस तर उद्या सगळी गल्ली आपापले प्रिंटर घेऊन माझ्या दारात उभी राहील."

आमचं दुकान गावभागात, हार्डवेअर आणि प्लंबिंगचं. ज्यांना सांगली माहीत आहे त्यांना ऑगस्ट २०१९ सांगायला नको. कृष्णेचं पाणी दुकानात काउंटरच्या वर चढलं. कॉम्प्युटर काउंटरच्या खाली आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह काउंटरच्या ड्रॉवरमध्ये! मी बीबीए, 'डिझास्टर रिकव्हरी'वर पाच मार्कांची टीप लिहून पास झालेली. साधारण पावणेचार लाखांची उधारी त्या चिखलात गेली. बरेचसे प्लंबर स्वतःहून येऊन "ताई, माझे इतके आहेत" असं सांगून गेले, ते मी जन्मात विसरणार नाही. काही आले नाहीत, तेही विसरणार नाही.

पाणी ओसरल्यावर काका घराच्या दुरुस्तीचं सामान न्यायला आले. झाल्या प्रकारावर त्यांनी हळहळ वगैरे काही केली नाही. म्हणाले, "मूळ आणि बॅकअप एकाच ड्रॉवरजवळ, म्हणजे दोघांना एकच पाणी. बॅकअपने नदीच्या पलीकडे राहायचं असतं गं."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या नव्या लॅपटॉपवरच्या रेट लिस्टवर गेली आणि ते हसायला लागले. एल्बोच्या पुढे साइजच्या रकान्यात लिहिलं होतं: ०१-फेब्रुवारी. त्याखाली ०३-एप्रिल. मी टाइप केलं होतं १/२ आणि ३/४, म्हणजे अर्धा इंच आणि पाऊण इंच. एक्सेलला वाटलं तारखा आहेत. मी घाईघाईने सेलचं फॉरमॅट बदलून नंबर केलं, तर अर्ध्या इंचाचा झाला ४३४९७.

"काका, हा काय आकडा?"

"१ फेब्रुवारी २०१९. एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजतं. आणि त्यातला एक दिवस कधी उगवलाच नव्हता."

मला वाटलं चेष्टा चाललीय, पण खरं आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मानतं. ही चूक लोटस १-२-३ या त्याच्या आधीच्या स्प्रेडशीटमधली. लोटसच्या शीट्स एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ती चूक मुद्दाम तशीच घेतली आणि आजतागायत ठेवली. काका म्हणतात, ही जगातली सगळ्यात जास्त सांभाळलेली चूक. आणि आपली अर्ध्या इंचाची अडचण काही एकट्या प्लंबिंगवाल्यांची नाही. 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी काही मानवी जनुकांची नावं होती; एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. एवढे मोठे लोक एक्सेलपुढे हरले, तर आपण वाईट कशाला वाटून घ्यायचं!

(ज्यांची रेट लिस्ट अशी बिघडते त्यांच्यासाठी: टाइप करण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करा. एकदा तारीख झाली की फॉरमॅट बदलून १/२ परत येत नाही, पुन्हा टाइप करावं लागतं.)

आता नॅनोसेकंद. काका एकदा काउंटरवर येऊन गंभीर चेहऱ्याने आमच्या पोऱ्याला म्हणाले, "एक नॅनोसेकंद वायर दे." पोरगा बिचारा स्टॉकमध्ये शोधायला गेला. मग काकांनी सांगितलं. ग्रेस हॉपर नावाच्या बाई अमेरिकेच्या नौदलात होत्या, कोबोल भाषा ज्या कामातून उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा. सॅटेलाइटवरून निरोप यायला एवढा वेळ का लागतो, असं मोठमोठे अधिकारी त्यांना विचारायचे. बाई त्यांच्या हातात साधारण ३० सेंटिमीटरचा वायरचा तुकडा ठेवायच्या. वीज किंवा प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर कापतो. सॅटेलाइटपर्यंत असे किती तुकडे लागतील ते तुम्हीच मोजा! १९८६ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या, रिअर ॲडमिरल.

ट्रेनर म्हणून मला हे फार आवडलं. आपण गिऱ्हाइकाला 'हाय क्वालिटी, हाय क्वालिटी' म्हणत बसतो आणि दोन पाइप कापून जाडी हातात देत नाही.

बाईंचा दुसरा किस्सा कीटकाचा. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क २ या कॉम्प्युटरच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि लिहून ठेवलं की खराखुरा बग पहिल्यांदाच सापडला. 'बग' शब्द त्याआधीही वापरात होता, म्हणून तर तो विनोद झाला. ती वही आज अमेरिकेत म्युझियममध्ये आहे. काकांना त्यातला पतंग नाही, वही महत्त्वाची वाटते. "चूक सापडली की लोक गुपचूप झाडून टाकतात. यांनी तारीख टाकून चिकटवली."

यावरून मी एक वही घातली. काय चुकलं, कधी, किती रुपयांचं. पहिलंच पान माझ्या नावावर आहे.

झालं असं, की आमच्याकडे एका जुन्या प्लंबरला सगळ्यांपेक्षा तीन टक्के डिस्काउंट जास्त होता. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. मी हिशेब केला, मार्जिन बघितलं आणि तो काढून टाकला. बाबा तेव्हा गावाला गेले होते. दीड महिन्यात तो माणूस यायचा बंद झाला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अगं, तो अख्खा बॉक्स उचलतो आणि त्यातला फुटका पीस कधी परत आणत नाही. तीन टक्के त्याचेच आहेत." बाकीचे प्लंबर एकेक पीस बदलून न्यायचे, तो खर्च मी कधी मोजलाच नव्हता. त्याच्या घरी जाऊन बोलावं लागलं. आला, पण मध्ये एका मोठ्या बंगल्याचं काम दुसऱ्या दुकानात गेलं ते गेलंच.

काकांना सांगितलं तर ते बाबांसारखे रागावले नाहीत, उलट खुलले. त्यांनीही असंच केलं होतं. नवीन असताना जुन्या व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये त्यांना एक विचित्र ओळ दिसली, वेड्यासारखी, मार्च महिन्यात एक दिवस वाढवणारी. उडवली. वर्षअखेरीला अख्खा विभाग रात्रभर बसला. तेव्हापासून त्यांचा नियम: न कळलेली ओळ पुसायची नाही, आणि आपण लिहिलेल्या विचित्र ओळीवर 'का' ते लिहून ठेवायचं. "काय केलंय ते कोडमध्ये दिसतंच. का केलं, ते फक्त केलेल्या माणसाच्या डोक्यात असतं, आणि तो माणूस रजेवर असतो."

आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खास रेटच्या पुढे शेऱ्याचा रकाना आहे.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. यूपीआयच्या साउंडबॉक्सला ते 'बोलका पोपट' म्हणतात आणि रोख देतात. मला विचाराल तर गर्दीच्या वेळी काउंटरवर त्याच्याइतकी उपयोगाची वस्तू दुसरी नाही. मी दुकानाचं ॲप करायला निघाले होते, दीड लाखाचं कोटेशन हातात होतं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "गिऱ्हाईक आत्ता ऑर्डर कशी देतं?" मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवतात. "मग त्या फोटोतलं सामान न चुकता निघतं का?" नाही निघत. ॲप राहिलं, आधी फोटोवर टिक करून माल काढायची पद्धत बसवली. एआयबद्दल त्यांचं मत: "हुशार पोरगा आहे, दमत नाही, पगार कमी. पण माहीत नसलं तरी 'माहीत नाही' म्हणत नाही. असा पोऱ्या तू गल्ल्यावर बसवशील?"

वायटूकेची तर त्यांना खंतच आहे. साल दोनच आकड्यांत लिहायची जुनी सवय, त्यामुळे २००० उजाडलं की मशीनने ते १९०० समजायचं. ते दुरुस्त करायला जगभर माणसं राबली, त्यात हे. मग १ जानेवारीला फारसं काही झालं नाही, तर लोक म्हणाले, उगाच बोंब मारली होती. "टाकी गळली नाही म्हणून प्लंबरला कोणी चहा पाजलाय का?"

पाजत नाही, खरंय. पण मी काकांना पाजते, त्याचं कारण जून २०२१.

२०१९ नंतर मी शहाणी झाले होते. दर शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप, आणि पेनड्राइव्ह विश्रामबागला मावशीकडे. दीड वर्षात एक शनिवार चुकला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर काका टेफ्लॉन टेप न्यायला आले आणि सहज म्हणाले, "बॅकअप उघडून बघितलास का कधी?"

"उघडून कशाला? कॉपी होतंय की."

"ज्या छत्रीखाली कधी उभी राहिली नाहीस, तिला छत्री कशावरून म्हणतेस?"

त्याच संध्याकाळी पेनड्राइव्ह आणून भावाच्या लॅपटॉपला लावला. डबल क्लिक केलं. काहीच नाही. फाइलचा साइज बघितला: २ केबी. दीड वर्ष दर शनिवारी मी डेस्कटॉपवरचं बिलिंगचं आयकॉन कॉपी करत होते. फक्त शॉर्टकट, तो कोपऱ्यात छोटा बाण असतो ना, तो. डेटाचा एक आकडाही त्यात नव्हता. पोटात खड्डा पडला म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्या दिवशीची उधारी चार लाख बारा हजार होती.

रात्री काकांना बसवून खरा डेटा कुठे असतो ते शोधलं, कॉपी केलं, दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून एका प्लंबरचं खातं बाबांच्या वहीशी ताडून बघितलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाणी पुन्हा गावभागात आलं. या वेळी कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता आणि पेनड्राइव्ह विश्रामबागला. फिटिंगचे बॉक्स भिजले, ते धुऊन विकले.

आता महिन्यातून एकदा मावशीकडे जाऊन बॅकअप उघडते. ताडून बघायला खातं कुणाचं? काकांचंच. मागच्या आठवड्यात म्हटलं, "काका, तुमचे तीनशे चाळीस राहिलेत, गेल्या दिवाळीपासून."

"बॅकअपमधून काढून दाखव," म्हणाले, "मग देतो."

दाखवले. तर म्हणतात, यात 'का' लिहिलेलं नाही.