मोठ्या संख्यांचा संक्षेप : घातांक

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त संख्यास्थानांची अठरा नावे दिलेली आहेत. एक, दश, शत, सहस्र अशी निघालेली ही मालिका कोटी, अब्ज, खर्व, निखर्व यांवरून पुढे जात परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. नाव भारदस्त खरे. परंतु ते ऐकून शून्ये किती, हे चटकन सांगणारे विरळाच. शिवाय नावांचे अर्थही स्थिर राहत नाहीत. 'बिलियन' म्हणजे अमेरिकेत एकावर नऊ शून्ये, तर ब्रिटनमध्ये पूर्वी एकावर बारा. डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी शासकीय व्यवहारात नऊ शून्यांचाच अर्थ घेतला जाईल, असे पार्लमेंटात स्पष्ट केले. शब्द एक, पण दोन अर्थांत हजारपटींचे अंतर! घातांकात असा घोटाळा संभवत नाही.

घात म्हणजे एखाद्या संख्येला तिनेच पुनःपुन्हा गुणणे. ३ चा ४ था घात म्हणजे ३ × ३ × ३ × ३, अर्थात ८१. येथे ३ हा पाया व ४ हा घातांक होय. पुष्कळ विद्यार्थी याचे उत्तर १२ असे देतात; पण १२ हा ३ आणि ४ यांचा गुणाकार झाला, घात नव्हे. पायाच्या उजव्या खांद्यावर लहान अंक लिहिण्याची पद्धत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या १६३७ मधील भूमितीविषयक ग्रंथामुळे रूढ झाली.

पाया समान असता गुणाकारात घातांकांची बेरीज होते व भागाकारात वजाबाकी. १० चा २ रा घात म्हणजे दोन दहा, ३ रा घात म्हणजे तीन दहा. दोहोंच्या गुणाकारात दहा पाच वेळा येणारच. मात्र हा नियम बेरजेला लावू नये. १०० आणि १००० यांची बेरीज ११०० होते, एक लाख नव्हे. आता १००० ला १००० ने भागले तर उत्तर १, आणि घातांक ३ वजा ३, म्हणजे शून्य. म्हणून १० चा शून्यावा घात १ मानतात. त्याला पुन्हा १० ने भागले की एक दशांश, म्हणजे १० चा उणे १ घात. घातांक उणे असला तरी संख्या उणे होत नाही. ती लहान होते, इतकेच.

शास्त्रीय लेखनात १ किंवा त्याहून मोठी, परंतु १० हून लहान संख्या घेऊन तिला १० च्या योग्य घाताने गुणतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ गुणिले १० चा ८ वा घात मीटर. सूर्याचे अंतर सुमारे १.५ गुणिले १० चा ११ वा घात मीटर. १.५ ला ३ ने भागले की ०.५, ११ तून ८ गेले की ३. ०.५ गुणिले १००० म्हणजे ५०० सेकंद. सूर्यकिरण पृथ्वीवर सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत पोहोचतात, हे असे दोन ओळींत कळते. उलटपक्षी हायड्रोजनच्या अणूचे वस्तुमान १.६७ गुणिले १० चा उणे २७ घात किलोग्रॅम. दशांशात लिहू गेल्यास दशांशचिन्हापुढे आधी २६ शून्ये मांडावी लागतील.

हा केवळ परीक्षेपुरता विषय नव्हे. मिलिग्रॅम म्हणजे १० चा उणे ३ घात ग्रॅम, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे १० चा उणे ६ घात ग्रॅम. थायरॉइडच्या विकारावरील काही गोळ्यांची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. तेथे ५० मायक्रोग्रॅमच्या जागी ५० मिलिग्रॅम वाचले, तर मात्रा हजारपट होईल. खांद्यावरचा अंक आकाराने लहान असतो. पण संख्येचे सारे मोजमाप त्याच्यावर अवलंबून असते. म्हणून उत्तर लिहून झाल्यावर विद्यार्थ्याने प्रथम घातांक तपासावा, मग बाकीचे आकडे.