तात्या विंचूचे ओठ

परवा हिंगणीच्या बसथांब्यावर चौथीतल्या एका पोरानं मला गाठलं. "काका, थ्या तात्या विंचूले कोन हालवते जी?" सेलूची बस आली, तरी माझं उत्तर अर्धंच झालं होतं. पूर्ण उत्तर इथे देतो.

तात्या विंचू हा 'झपाटलेला' सिनेमातला बाहुला, सिनेमा १९९३चा. महेश कोठारेंनी बाहुल्यासाठी रामदास पाध्ये यांना गाठलं, आणि माझ्या मते सिनेमा तिथेच निम्मा जिंकला. पाध्यांच्या घरात ही कला १९१६पासून आहे. वडील यशवंत केशव पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव अजून बोलतो आहे. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससाही रामदासरावांचाच.

रंगमंचावरचा बोलका बाहुला मांडीवर बसतो. पाठीतून हात आत जातो, डोक्याखालच्या दांड्यानं मान फिरते आणि दोरी ओढली की जबडा उघडतो. मी घरी नारळाच्या करवंटीचं डोकं करून पाहिलं होतं. जबड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली होती, दोरी सोडली की तो टपकन मिटायचा. सिनेमात चौकट मदतीला येते. हालवणारा चौकटीच्या बाहेर राहिला की बाहुला एकटा दिसतो.

खरी गंमत आवाजाची. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत आणि मांडीवरचा बाहुला बोलवणाऱ्याला तर ओठ हलवायचे नसतात. आरशासमोर दात जुळवून, ओठ किंचित उघडे ठेवून 'मामा' म्हणा. 'नाना' येईल. 'बाबा'चा 'दादा' होईल. कलाकार नेमकं हेच करतो. मनात 'मामा' ठेवून जीभ दातांमागे हलकीशी टेकवतो आणि त्याच क्षणी बाहुल्याचा जबडा मिटवतो. जबडा मिटलेला दिसला की आपला कान 'नाना'चा 'मामा' करून घेतो. आता 'तात्या' म्हणून बघा. ओठांना कामच नाही! 'अर्धवटराव'लाही 'व' सोडला तर सगळं जिभेवर निभतं. ही नावं या कलेच्या तोंडात किती सहज बसतात!

'झपाटलेला'मध्ये दिलीप प्रभावळकरांवर ओठ न हलवण्याचं हे बंधन नव्हतं. बाहुला होण्याआधीचा माणूस तात्या त्यांनीच रंगवला आणि बाहुल्याला आवाजही त्यांचाच. पडद्यावर बाहुल्याशेजारी बोलवणारा दिसत नाही, त्यामुळे ते 'म' आणि 'प' पुरेपूर चावून म्हणू शकले. माणूस मेला, बाहुला उठला, तरी बोलणारा तोच, हे प्रेक्षकाला फक्त कानांनी पटायचं होतं. मला तर पटलं, आणि आजही पटतं.

शिवाय लक्ष्मीकांत बेर्डे. सिनेमातला त्यांचा लक्ष्या बोलके स्वतःच बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा. बाहुला गळ्याला झोंबला की धक्के बाहुला देत नाही, ते नटाला स्वतःच्या अंगातून काढावे लागतात. आपल्याच हातांनी त्याला घट्ट धरायचं, आणि तो आपल्याला धरून आहे असं दाखवायचं. मान मागे, डोळे बाहेर, पाय घसरतायत. लक्ष्याचा तो चेहरा आठवा. आम्ही बाहुल्याला घाबरलो ते त्या चेहऱ्यामुळे.

त्या पोराला मी 'मामा'-'नाना'पर्यंतच सांगू शकलो, तोवर कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीत बसून तो दात जुळवून 'मामा' म्हणत होता. शेजारची आजी म्हणाली, "नाना कुठे आहे रे इथं?"