भाड्याचे घर : पहिल्या खरेदीपूर्वी

वैद्यकीत पंधरा-वीस वर्षे लोटली की आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक विचार घोळू लागतो. आपणांस ना निवृत्तिवेतन, ना भविष्य निर्वाह निधी. हात चालतो तोवर दवाखाना चालतो. तेव्हा एखादी सदनिका वा गाळा घेऊन ठेवावा, दरमहा भाडे येत राहील. प्रस्तुत लेखकानेही याच विचाराने एक लहान सदनिका घेतली. भाडेकरू म्हणून जुना रुग्णच आला. घरोब्याच्या माणसाकडे कागद कसला मागायचा, या भिडेपोटी करार नोंदवला नाही. पुढे भाडे किती ठरले होते यावरूनच वाद उद्भवला, तेव्हा कायदा वाचला, अर्थात उशिरा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचेच म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. माझे प्रकरण आपसात मिटले, पण सात महिन्यांचे भाडे बुडाले ते बुडालेच. आता लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ऑनलाइन होते, त्यामुळे भिडेला तेवढीही सबब उरलेली नाही.

दुसरी चूक हिशेबाची होते. समजा, ४० लाखांची सदनिका ११,००० रुपये भाड्याने गेली. वर्षाचे १,३२,००० दिसतात. त्यातून एक महिना जागा रिकामी राहिल्याचे ११,०००, सोसायटीची वर्गणी १८,०००, मालमत्ता कर ६,००० व किरकोळ दुरुस्ती ७,००० वजा करा. उरले ९०,०००, म्हणजे सव्वादोन टक्के. साडेआठ टक्क्यांचे कर्ज काढून हे घर घेणाऱ्याने भाड्यातून हप्ता फिटेल ही आशा सोडावी. जागेचा भाव वाढेलही, परंतु ती वाढ विक्रीनंतरच हाती येते. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, हेही ध्यानी असावे. प्राप्तिकरात मात्र मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

व्यापारी गाळा घेणाऱ्या वैद्यांनी एक बाब विशेष पाहावी. आपली चिकित्सा सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, गाळ्याचे भाडे नाही. नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना मुक्त उत्पन्नही धरले जाते. म्हणजे चिकित्सेचे १८ लाख आणि भाड्याचे तीन लाख असतील, तर मर्यादा ओलांडली जाते व नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. गाळ्याचा विसार देण्यापूर्वीच कर सल्लागारास गाठावे.

दवाखाना वा औषधालय अद्याप भाड्याच्या जागेत असेल, तर तोच गाळा विकत मिळतो का, याची चौकशी आधी करावी. तिथे भाडेकरू आपण स्वतःच असतो, आणि त्याची वर्तणूक आपणांस पुरती ठाऊक असते.